नदीकडच्या भिंतीतली बशी

मी एक जुनी चिनी मातीची बशी आहे, पण गेल्या साठेक वर्षांत माझ्यात कुणी घासभरही काही वाढलेले नाही. मी भिंतीत राहते. कोम ओम्बोच्या पूर्वेला नुबियन लोकांची नवी वस्ती आहे. तिच्यातल्या पश्चिमेच्या टोकाच्या रांगेत, एका घराच्या मागच्या भिंतीत मला बसवलेले आहे. पुरुषभर उंचीवर आहे, त्यामुळे कोंबड्यांचा त्रास नाही. माझ्या काठावर निळी पाने आहेत आणि मधला भाग पांढरा आहे.

मित्रांनो, बशीला देश नसतो. माझी पांढरी माती एका देशातली, निळ्या रंगाचे खनिज दुसऱ्या देशातले, आणि भट्टी तिसऱ्याच देशातली. मला घडवणाऱ्या कामगारांनी मला बोटीत चढवले तेव्हा मी कुठे जाणार हे त्यांना ठाऊक नव्हते आणि त्यांनी ते विचारलेही नसावे. तेव्हा राष्ट्रवाद या विषयावर मी बोलावे की नाही, अशी शंका तुम्हाला येईल. पण एका दुपारी मी भिंतीत राहायचे की फुटायचे, हे याच शब्दावर ठरायचे होते. म्हणून सांगते.

काहिऱ्यात नाईलच्या एका बेटावर एक परदेशी साहेब राहत होता. त्याच्या बंगल्यातल्या संचातली मी एक बशी. त्या घरचा स्वयंपाकी अब्दून हा नुबियाचा, सिरकोल नावाच्या गावचा. त्या काळी नुबियातली बहुतेक घरे अशीच होती. बायका, म्हातारी माणसे आणि मुले गावात. कर्ते पुरुष उत्तरेकडच्या शहरांत स्वयंपाकी, दरवान किंवा वाढपी. साहेबाची बायको अब्दूनला त्याच्या नावाने हाक मारत नसे. तिच्या आधीच्या स्वयंपाक्याचे नाव उस्मान होते, म्हणून यालाही ती उस्मानच म्हणत असे. अब्दून ‘जी’ म्हणून पुढे येई आणि सूप वाढी.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बातमी आली की सुएझचा कालवा आता देशाचा झाला. मी तेव्हा पुसून फळीवर ठेवलेली होते. अब्दून हातातले फडके तसेच घेऊन रस्त्यावर गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याचा खांदा भिजलेला होता. त्याने माळ्याला सांगितले, “एक मोठा वकील होता रे, सोनेरी चष्मेवाला. मला मिठी मारून रडला. म्हणाला, भावा, कालवा आपला झाला. मला भावा म्हणाला!”

त्या दिवसापासून अब्दून स्वतःला राष्ट्रवादी म्हणवू लागला. त्याने कुठले पुस्तक वाचलेले नव्हते. ज्या शहरात त्याला धड नाव नव्हते, तिथे एका अनोळखी माणसाने त्याला भाऊ म्हटले, एवढेच त्याचे शिक्षण.

त्याच हिवाळ्यात साहेब देश सोडून गेला. बांधाबांध करताना संचातल्या काही बश्या फुटल्या. संच अपुरा झाला की उरलेल्या बश्यांना टेबलावर जागा नसते. मी अब्दूनच्या वाट्याला आले. त्याने मला स्वतःच्या दोन सदऱ्यांच्या मध्ये ठेवले आणि आम्ही आगगाडीने, मग टपालाच्या बोटीने दक्षिणेला सिरकोलला गेलो.

सिरकोलची घरे नदीकाठी एका ओळीत होती आणि सगळ्या घरांचे तोंड नदीकडे. पलीकडच्या काठावर गाव होते, त्याचेही तोंड नदीकडेच. पूर्व-पश्चिमेशी कुणाला देणेघेणे नव्हते. पाहुणा यायचा तो बोटीने, पत्र यायचे ते बोटीने आणि शहरातला नवरा यायचा तोही बोटीने. बोटीची शिट्टी झाली की अख्खे गाव घरांपुढे, काठाकडे येऊन उभे राही. भिंती मातीच्या. त्या सारवणे, पांढऱ्या चुन्याने रंगवणे आणि त्यांवर मगरी, चांदण्या आणि खजुराची झाडे काढणे हे बायकांचे काम. आणि दाराच्या वर बश्या. ज्या घरचा पुरुष शहरात असे, तो तिथून बशी आणी आणि घरची बाई ती भिंतीत बसवी. येणाऱ्याचे डोळे आधी बशीवर जातात, मग माणसांना दृष्ट लागत नाही, असे त्या म्हणत.

मला अब्दूनच्या बायकोने, दहीबाने बसवले. तिने ओल्या गिलाव्यात तळहाताने खळगा केला, मला उताणी दाबली आणि कडेने बोट फिरवले. एक गोष्ट मला फार आवडली. नाईलच्या गाळाची माती वाळली की विटेसारखी होते, पण भिजवली की पुन्हा मऊ मातीच होते. म्हणजे तिने धरलेली वस्तू तिच्याकडून केव्हाही परत घेता येते. मी तिथे सुखात होते. दिवसभर नदी दिसे.

पुढे बातमी आली की अस्वानला मोठे धरण होणार आणि आमचा सगळा मुलूख पाण्याखाली जाणार. सरकारने उत्तरेला, कोम ओम्बोजवळ नवी गावे बांधायला घेतली. अब्दून काहिऱ्यातल्या नव्या नोकरीतून रजा काढून आला आणि काठावर जमलेल्या लोकांना त्याने समजावून सांगितले की कारखान्यांना वीज लागते, शेतांना बारमाही पाणी लागते, उत्तरेकडची पोरे कालव्याच्या घाण पाण्याने आजारी पडतात. लोक ऐकून घेत होते. अब्दूनची आत्या शाया खजूर निवडत बसली होती. तिने मान वर केली.

“अब्दून, राष्ट्रवादी म्हणजे काय करावं लागतं रे?”

“देशाला लागेल ते द्यावं लागतं, आत्या.”

“मग मी जन्मापासून तीच आहे की. जुनं धरण उंच केलं, तेव्हा माझं पहिलं घर गेलं. मग आणखी उंच केलं, दुसरं गेलं. हे तिसरं. पुढच्या वेळी बांधाल तेव्हा आधी सांगा बाबांनो, मी चुन्याला हात लावणार नाही.”

लोक हसले. अब्दूनही हसला. मग तो म्हणाला, “आत्या, हे शेवटचं.” तिने एक किडका खजूर लांब फेकला.

घरी आल्यावर दहीबाने नवऱ्याला विचारले, “नब्राचे बाबा, खरंच लागतंय का त्यांना?” नब्रा ही त्यांची मुलगी.

“खरंच लागतंय. मी काहिऱ्यातल्या गल्ल्या पाहिल्यात. अंधारात बायका बाळंत होतात.”

“मग देऊ,” दहीबा म्हणाली. तिने एकच अट घातली. बशी बरोबर येईल.

निघायच्या आदल्या दिवशी बायकांनी कबरींवर पाणी शिंपडले आणि घरे झाडून घेतली. बुडणारी घरे कशाला झाडता, असे न्यायला आलेल्या बोटीवरच्या एका माणसाने विचारले, तरी त्यांचे झाडणे चालूच राहिले. दहीबाने माझ्या भोवती ओली फडकी लावून ठेवली. माती मऊ झाली आणि मी अलगद तिच्या हातात आले. माझ्यामागचा खळगा तिने लिंपून टाकला.

नव्या वस्तीचे नाव सिरकोलच ठेवले होते. दगडी भिंती, वर काँक्रीटचे छत, सरळ गल्ल्या, आणि सगळी घरे इतकी एकसारखी की पहिल्या आठवड्यात शाया आत्या दुसऱ्याच कुणाच्या घरात जाऊन त्यांच्या चुलीवर स्वतःचा चहा करून आली. नदी कुठेच दिसत नव्हती. ती पश्चिमेला होती, उसाच्या शेतांच्या आणि रेल्वेच्या रुळांच्या पलीकडे. घरांची दारे समोरासमोर, गल्लीत उघडणारी.

वस्तीच्या देखरेखीला रऊफ साहेब नावाचा तरुण अधिकारी होता. माणूस वाईट नव्हता. पाण्याची टाकी फुटली तेव्हा तो स्वतः चिखलात उतरला होता. लोकांची एक समिती होती, तिचा प्रमुख त्याने अब्दूनला केले. अब्दून काहिऱ्याची नोकरी सोडून कायमचा इकडे आला होता. त्याच्या सदऱ्यावर आता समितीची पितळी पट्टी असे, आणि दहीबा ती राखेने घासून देत असे.

रऊफ साहेबाचा एक नियम होता. काहिऱ्याहून मोठे पाहुणे वस्ती पाहायला यायचे होते. ते येऊन जाईपर्यंत घरांच्या भिंतींना कुणी काही करायचे नाही. रंग नाही, चित्रे नाहीत, बश्या नाहीत. अब्दूनने हे दहीबाला सांगितले.

“किती दिवस?” तिने विचारले.

“ते येऊन जाईपर्यंत.”

“आणि नाहीच आले तर?”

“दहीबा, समितीचा प्रमुखच नियम मोडायला लागला तर लोक काय म्हणतील?”

“लोक माझ्याकडे येऊन विचारतात, बशी कुठंय तुझी? मी पेटीकडे बोट दाखवते. पेटीतली बशी कुणाला दिसते?”

मी त्या पेटीत, तिच्या लग्नातल्या कापडांत होते. हे बोलणे मी तिथूनच ऐकले.

पाहुण्यांची तारीख पुढे पुढे जात राहिली. एके दिवशी अब्दून वस्तीच्या कामासाठी बाहेरगावी गेलेला असताना दहीबाने मला बाहेर काढले. ती पुढच्या दाराशी गेली, दगडी भिंतीला हात लावून पाहिला आणि तशीच परत फिरली. मग घराच्या मागे आली, पश्चिमेला तोंड करून थोडा वेळ उभी राहिली आणि मागच्या भिंतीतले दोन दगडांमधले सांधे छिन्नीने खोदू लागली. नियमाला बगल देण्याचा तिचा विचार नव्हता. बशी नदीकडे पाहते, एवढेच तिला ठाऊक होते, आणि नदी मागे होती.

गाळाची माती तिथे मिळेना. शेजारी बांधकामाचे उरलेले सिमेंट होते, ते तिने कालवले. मित्रांनो, सिमेंटचे वागणे मातीहून वेगळे असते. ते पाण्याला एकदाच भेटते आणि मग कायमचे घट्ट होते. पुन्हा कितीही भिजवा, सोडत नाही. उन्हे कलली तोवर मी त्या भिंतीची झाले होते. आता मला काढायचे तर फोडूनच काढावे लागणार होते. हे मला कळले होते, दहीबाला नव्हते.

अब्दून परतला, त्याने मला पाहिले आणि डोक्याला हात लावला. पण मी मागे होते, गल्लीतून दिसत नव्हते. तो एवढेच म्हणाला, “पाहुणे येऊन जाऊ देत म्हणजे झालं.”

अखेर पाहुणे येणार असे नक्की झाले. आदल्या दिवशी नमाज सुटल्यावर अब्दूनने सगळ्यांना सांगितले, “उद्या सकाळी झेंडे घेऊन स्वागताला उभं राहायचं. पोराबाळांसकट. एकही घर राहता कामा नये.” कुठे उभे राहायचे, हे त्याने सांगितले नाही आणि कुणी विचारलेही नाही. पाहुण्याच्या स्वागताला कुठे उभे राहायचे, हे सिरकोलच्या माणसाला आजवर कधी सांगावे लागले नव्हते.

सकाळी अब्दून आणि रऊफ साहेब वस्तीच्या वेशीवर मोटारींची वाट पाहायला गेले. इकडे एकेक घरातून माणसे निघाली आणि गल्ल्या ओलांडून, आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. नदीच्या बाजूला. बायका गर्गार नावाच्या काळ्या झिरझिरीत झग्यांमध्ये, मुले धुतलेल्या कपड्यांत, म्हातारे पागोटी बांधून, आणि सगळ्यांच्या हातात लाल, पांढऱ्या, काळ्या पट्ट्यांचे कागदी झेंडे. सगळ्यांची तोंडे उसाकडे.

“आत्या, झेंडा उलटा धरलाय तुम्ही,” दहीबा म्हणाली.

“असू दे. देश काही उलटा होत नाही.”

“बोटीची शिट्टी नाही, काही नाही. आले ते कसं कळणार?” कुणी तरी विचारले.

“कळेल,” शाया आत्या म्हणाली. “मोठ्या लोकांच्या आधी धूळ येते.”

धूळ आली, पण ती पाठीमागून. भिंतीच्या पलीकडे मोटारींचा आवाज थांबला. दारे उघडल्याचा आणि बुटांचा आवाज आला. मग काहीच आवाज नाही. तिकडे काय झाले ते अब्दूनने नंतर सांगितले. लांबलचक, स्वच्छ झाडलेली गल्ली, दोन्ही बाजूंना बंद दारे, आणि चिटपाखरूही नाही. पाहुण्यांतल्या मोठ्या साहेबाने रऊफकडे पाहिले. रऊफने अब्दूनकडे पाहिले.

“अब्दूनकाका, हा काय प्रकार आहे? बहिष्कार घातलाय का तुमच्या लोकांनी?”

“साहेब, मी सगळ्यांना सांगितलं होतं...”

“देशाने घरं बांधून दिली आणि तुम्ही दारं लावून बसलात? आणि तुम्ही राष्ट्रवादी म्हणवता स्वतःला?”

तेवढ्यात मागे एक लहान मूल हसले. अब्दूनने कान टवकारले. आणि मग, त्यानेच सांगितले, त्याला सगळे एकदम उमगले. तो म्हणाला, “साहेब, माझ्या घरातून चला. लोक नदीकडे उभे आहेत.”

“कुठली नदी?” मोठ्या साहेबाने विचारले.

पाहुणे अब्दूनच्या पुढच्या दाराने आत आले आणि अंगणातून मागच्या दाराने बाहेर पडले. लोकांनी वळून पाहिले. पाहुणे चुकीच्या बाजूने आल्यामुळे क्षणभर सगळे गोंधळले, मग बायकांनी जिभेने आनंदाचा गजर केला आणि झेंडे हलू लागले. मोठा साहेब हसला. त्याने एका मुलाच्या गालाला हात लावला. मग त्याची नजर माझ्यावर आली.

“हे काय?”

“काही नाही, साहेब,” रऊफ घाईने म्हणाला. “आजच काढून टाकतो.”

मोठ्या साहेबाने मान डोलावली. ती हो म्हणून डोलावली की उन्हामुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. पाहुणे निघून गेले.

दुपारी रऊफ गवंड्याला घेऊन आला. मागे सावली नव्हती. अब्दून, दहीबा आणि शाया आत्या तिघेही तिथे होते.

“काका, मी पाहुण्यांसमोर शब्द दिलाय. काढा ती.”

“काढली की फुटणार, साहेब,” गवंडी सिमेंटवर नख घासून म्हणाला. “सुटी होत नाही ही आता.”

दहीबाने हे तेव्हाच पहिल्यांदा ऐकले. तिने माझ्या कडेवरून बोट फिरवले, जसे पूर्वी ओल्या गिलाव्यात फिरवले होते, आणि तिचे बोट कुठेच रुतले नाही.

“पुढच्या भिंतीला मी हात नाही लावला, साहेब,” ती म्हणाली. “ही कुणाच्या डोळ्यांवर येते?”

“वहिनी, डोळ्यांचा प्रश्न नाही.” रऊफने रुमालाने मान पुसली. “मी खेड्यातला आहे. आमच्या गावात जमीनदाराचा बंगला होता, रंगीत काचांचा. आम्ही गुरांशेजारी झोपायचो. रस्त्यावरून जाणाऱ्याला लांबूनच कळायचं, मालक कुठे राहतो आणि चाकर कुठे. म्हणून मला इथे सगळी घरं सारखी हवीत. देश म्हणजे तेच. आज तुमची बशी, उद्या कुणाचा संगमरवर.”

तो खोटे बोलत नव्हता.

“अरे बाळा,” शाया आत्या म्हणाली, “आमच्या गावात सगळ्यांच्याच भिंतीत बश्या होत्या. सारखंच झालं की ते.”

“आत्या, ते गाव आता नाही.”

रऊफला आपण काय बोललो ते कळले असावे, कारण त्याने नजर वळवली. मग त्याने गवंड्याच्या हातातली छिन्नी आणि हातोडी घेतली आणि अब्दूनपुढे धरली.

“काका, तुम्ही प्रमुख आहात. तुम्ही खरे राष्ट्रवादी असाल तर हे तुमच्याच हाताने व्हायला हवं. मग वस्तीत कुणी बोलणार नाही.”

अब्दूनने छिन्नी घेतली. तो माझ्याजवळ आला आणि छिन्नीचे टोक त्याने माझ्या काठावर टेकवले. चिनी माती दाब पुष्कळ सोसते, पण घाव सोसत नाही. एक ठोका पुरला असता. त्याचा श्वास मला जाणवत होता. दहीबा त्याच्याकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

“साहेब,” अब्दून छिन्नी न हलवता म्हणाला, “ही फुटली तर देशाला काय मिळेल?”

“शिस्त मिळेल.”

“गाव बुडालं तेव्हा काय मिळालं?”

“तुम्हाला ठाऊक आहे. पाणी, वीज. तुम्हीच तर लोकांना सांगत होता.”

“हो. मला ते पटलं होतं. हिने विचारलं, खरंच लागतंय का, आणि मी हो म्हणालो. म्हणून दिलं. माझ्या आईची कबर दिली.” त्याने छिन्नी माझ्यावरून काढली. “आज ही मला तेच विचारेल. आणि आज मला हो म्हणता येत नाही.”

“म्हणजे तुम्ही नाही म्हणताय?”

अब्दूनने छिन्नी आणि हातोडी रऊफच्या हातात परत दिली आणि तो बाजूला झाला. “तुम्हाला फोडायची तर फोडा. मी अडवणार नाही. पण माझ्या हाताने नाही. आणि देशाच्या नावाने नको. तुमच्या नावाने फोडा.”

रऊफ माझ्यासमोर उभा राहिला. त्याने हातोडी उचललीही. मला त्याच्या मनगटावरची शीर दिसत होती. मग हातोडी हळूहळू खाली आली आणि त्याने ती गवंड्याला दिली.

“समितीत तुमचं नाव राहणार नाही, काका.”

“बरं,” अब्दून म्हणाला, आणि त्याने सदऱ्यावरची पितळी पट्टी सोडवून त्याच्या हातात ठेवली.

“चहा ठेवलाय,” दहीबा म्हणाली. रऊफ चहा न घेताच गेला.

त्यानंतर वस्तीत काही जण अब्दूनला टोमणे मारत. बशीपायी देशाला नाही म्हणाला, असे म्हणत. तो वाद घालत नसे. कालव्याच्या दुरुस्तीला माणसे हवीत म्हटले की तो सगळ्यांत आधी फावडे घेऊन निघे. युद्ध झाले तेव्हा त्याने दवाखान्यात जाऊन रक्त दिले आणि परत आल्यावर चक्कर येऊन अंगणात बसला. नब्रा मोठी झाली आणि शाळेत शिक्षिका झाली. शाया आत्याला नवीन जागा मानवली नाही. ती दुसऱ्याच हिवाळ्यात गेली. शेजारच्या बायकांनी हळूहळू आपल्या पेट्या उघडल्या. कुणी पुढे बशी लावली, कुणी मागे. काहींनी लावलीच नाही आणि त्यावरून कुणी कुणाला काही म्हटले नाही.

रऊफ साहेबाची बदली झाली तेव्हा तो एकदा मागच्या बाजूला आला. अब्दूनने चटई टाकली. दोघे माझ्याखाली बसून चहा प्याले. उठताना रऊफने उसाच्या शेतांकडे पाहून विचारले, “नदी इकडेच आहे ना, काका?”

“इकडेच आहे.”

मग काही वर्षांनी वस्तीत वीज आली. पहिल्या संध्याकाळी दिवा लागला तेव्हा मागच्या खिडकीतून उजेडाचा एक चौकोन वाळूवर पडला. अब्दून बाहेर आला आणि त्या चौकोनाच्या कडेशी बराच वेळ उभा राहिला. दहीबा दारातून म्हणाली, “आत या, जेवण निवतंय.” तो म्हणाला, “येतो. आपल्या गावावरच्या पाण्यातून आलाय हा उजेड.”

आता ते दोघेही नाहीत. मी आहे. चिनी माती लवकर मरत नाही. ऊन, वारा, मीठ, कशाचाच तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. माणसाच्या हाताचा मात्र होतो. म्हणून मित्रांनो, एक विनंती करते. कुणी तुमच्याकडे देशाच्या नावाने काही मागितले, तर अब्दूनच्या बायकोसारखे आधी विचारा, खरंच लागतंय का. लागत असेल तर मागे राहू नका. त्या दोघांनी घरदार दिले होते, तसे द्या. लागत नसेल, तर छिन्नी ज्याची त्याला परत द्या आणि शांतपणे बाजूला व्हा. आणि ज्यांनी दिले त्यांच्या गावी कधी गेलात, गल्ली रिकामी दिसली, दारे बंद दिसली, तर रागावून लगेच मोटार वळवू नका. घरातून मागे या. बहुधा ते तिथे झेंडे घेऊन उभे असतील.